समोर भिंत, मागून पाणी: गोदाकाठच्या एका कसब्याची केस

केस थोडक्यात अशी. गोदावरीच्या काठावरचा एक जुना कसबा, नदीच्या बाजूला उंच दरड आणि दगडी घाट. ऑगस्ट २००६ च्या पुरात जुन्या गावात छातीएवढं पाणी आलं, तेव्हापासून लोकांची एकच मागणी की नदीला भिंत घाला, निवेदनं देऊन देऊन शेवटी एकदाची भिंत झाली, आणि सप्टेंबर २०२५ ला पुन्हा गावात पाणी. भिंत पडली नाही, फुटली नाही, पाणी तिच्यावरून आलंही नाही. ती जशीच्या तशी उभी होती आणि तिच्या आतल्या बाजूला माणसं मांडीभर पाण्यात.

गावाचं नाव देत नाही, कारण ती माझी सासुरवाडी आहे आणि नगरपंचायतीत बसणारे निम्मे लोक बायकोच्या नात्यात निघतात. पैठणच्या खाली आणि नांदेडच्या वर कुठंतरी समजा. ज्यानं शहागड, राक्षसभुवन किंवा गंगाखेड नीट पायी फिरून बघितलंय त्याला गाव डोळ्यासमोर येईलच, एक वेस, पडकी गढी, घाटावर महादेवाचं देऊळ, देवळाच्या मागं वाडे, वाड्यांच्या मागं पेठ, पेठेच्या मागं मोंढा, आणि मोंढ्याच्या (म्हणजे धान्याच्या बाजाराच्या) मागं हल्ली झालेलं प्लॉटिंग. मी सिव्हिलवाला, छोटी बांधकामं घेतो, जमिनीची उंची-सखल मोजायचं लेव्हल मशीन घरचंच, त्यामुळं २००६ नंतर चुलत सासरे म्हणाले की पाव्हणे, तुमचं मशीन आणून एकदा बघा तरी पाणी कुठून आलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

आधी गाव कशावर बसलंय ते बघू, कारण केसची सगळी मेख तिथंच आहे.

नदी पुरात काठ सोडून बाहेर पडती तेव्हा तिचा वेग एकदम कमी होतो. वेग कमी झाला की जड माल, म्हणजे वाळू आणि भरड गाळ, काठावरच पडतो आणि बारीक चिकण गाळ लांब वाहत जाऊन मागं बसतो. हे हजारो वर्षं होत राहिलं की नदीचा काठ मागच्या जमिनीपेक्षा उंच होतो. म्हणजे बांध नदी स्वतःच घालती. आपल्या गोदावरीत हे उत्तरेतल्या गंगेच्या मैदानाइतकं ठळक दिसत नाही, कारण आपली नदी आपल्याच गाळात बऱ्यापैकी खोल कापत गेलीय, पण आहे. त्यावर आली माणसाची भर. मातीची घरं पडायची, तीच माती सपाट करून त्यावर पुन्हा घर, राख, खापरं, शेण, असं शेकडो वर्षं. झाली पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं उंच टेकाड. पैठणला जुन्या गावात उतारावरून चालताना जी खापरं पायाखाली येतात ती हीच. सातवाहनांच्या राजधानीचं प्रतिष्ठान असो की आमचा हा आठवडी बाजाराचा कसबा, जुनी माणसं बसली ती उंच काठावर आणि काळी जमीन पिकायला मागं सोडली.

आता गंमत अशी की हा उंच काठ मागच्या पाण्यालाही आडवा येतो. शिवारातून येणारा ओढा सरळ नदीला मिळू शकत नाही, म्हणून तो गावाच्या पाठीमागून नदीला जवळपास समांतर चालत जातो आणि गाव संपलं की खाली कुठंतरी काठ फोडून नदीत पडतो. आमच्या कसब्यात नेमकं हेच आहे. मी लेव्हल घेतल्या तेव्हा घाटाचा माथा आणि मोंढ्याजवळचा ओढ्याचा काठ यात साडेतीन मीटरच्या आसपास फरक निघाला, आणि सखल बाजू मोंढ्याची. मी तिथल्या तिथं अण्णांना (म्हणजे चुलत सासऱ्यांना) म्हणालो की गाव नदीकडं तोंड करून उंचावर बसलंय आणि पाठ खड्ड्यात आहे. ते म्हणाले, ते तर आम्हाला म्हशी हाकताना पण कळतं, मशीन कशाला लागतं.

खरं सांगायचं तर जुन्या माणसांना सगळं कळत होतं, आणि ते घरांवर लिहून ठेवलेलं आहे. नदीकडच्या वाड्यांची दगडी जोती कमी उंचीची, दोन-तीन पायऱ्या चढलं की ढेळज. पण पेठेकडं उतरत जा, तसतशी जोती उंच होत जातात आणि सगळ्यात मागच्या जुन्या दुकानांना पुरुषभर उंच ओटे. नवीन माणसाला वाटतं की व्यापाऱ्यांचा थाट. नदीकडच्या वाड्यांत जमिनीत पेवं आहेत, पेठेकडच्या घरांत एकही पेव नाही, तिथं धान्य भिंतीतल्या बळदात, तेही वरच्या अंगाला. ज्यांनी बांधलं त्यांना माहीत होतं की ओल आणि पाणी कोणत्या बाजूनं येतं. मी एका वाड्यात मोठ्या मायला विचारलं की इकडं पेव आणि तिकडं बळद असं कामून, तर म्हणाल्या, "गंगा म्होरून दर्शन देती अन् मागच्या दारानं घरात येती, आमच्या सासूबाई सांगायच्या." (गंगा म्हणजे आमच्याकडं गोदावरीच.) माझ्या अख्ख्या सर्व्हेचा निकाल एवढा एका वाक्यात आला आणि तोही फुकट.

घाटाबद्दलही बोललं पाहिजे. लोकांना वाटतं घाट म्हणजे आंघोळीला आणि दशक्रियेला. पण बेसॉल्टच्या त्या घडीव पायऱ्या म्हणजे काठाचं चिलखत आहे, वळणावर नदी काठ खाते तो खाऊ नये म्हणून. आणि चिलखताचा जीव असतो पायथ्यात. गेल्या काही वर्षांत पात्रातली वाळू जी उपसली गेली (कुणी, कशी, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे) त्यानं पात्र खाली गेलं आणि घाटाच्या सगळ्यात खालच्या पायऱ्या, ज्या पूर्वी वाळूत गाडलेल्या असायच्या, त्या उघड्या पडून अधांतरी लटकायला लागल्या. पुरापेक्षा मला ह्या गोष्टीची भीती जास्त वाटते, पण निवेदनात तिचं नाव कधीच आलं नाही.

बरं, मग हे शहाणपण विसरलं कसं? माझ्या मते धरणामुळं, आणि ह्यात धरणाला शिव्या द्यायचा हेतू नाही. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. मूळ धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं, जागा बदलून पैठणला गेली, नाव मात्र जायकवाडीच राहिलं. सुमारे दहा किलोमीटर लांब मातीचं धरण, २७ दरवाजे, एकूण साठा १०२ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वर, त्यातला उपयुक्त ७६ च्या वर. एवढं मोठं पोट वर बसल्यावर खालच्या गावांना दरवर्षीचे छोटे पूर दिसेनासे झाले. नाथसागर, म्हणजे धरणाचा जलाशय, भरायचाच मुळी काही वर्षांनी एकदा. एक अख्खी पिढी अशी वाढली की तिनं गंगा कोरडीच बघितली, पात्रात क्रिकेट, पात्रात टरबुजाच्या वाड्या, आणि ज्या मराठवाड्यात २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं पुराची गोष्ट काढणारा माणूस वेडाच ठरतो.

पण धरण छोटे पूर खातं, मोठा पूर नाही खात. धरण आधीच भरलेलं असलं आणि वर नगर-नाशिककडं पाऊस चालूच राहिला, तर जेवढं येतं तेवढं सोडावं लागतं, दुसरा इलाज नसतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये तसंच झालं, विसर्ग अडीच लाख क्युसेकच्या (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) घरात गेला, खुद्द पैठण शहरात पाणी शिरलं. अडीच लाख क्युसेक म्हणजे किती, तर सव्वा तास व्हायच्या आत एक टीएमसी पाणी निघून जातं. हा हिशोब मी बैठकीत सांगितला तेव्हा पहिल्यांदा लोक गप्प बसले.

ऑगस्टमधली गोदावरी ही काही आजची गोष्ट पण नाही. १० ऑगस्ट १७६३ ची राक्षसभुवनची लढाई शाळेत झाली असेल सगळ्यांची, थोरल्या माधवरावांनी निजामाचा पराभव केला ती. त्यात निजाम निम्मी फौज घेऊन पलीकडं उतरलेला, अलीकडं दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह राहिला, मधे गंगा दुथडी, आणि मराठ्यांनी अलीकडच्या फौजेवर झडप घातली. निजाम पलीकडून बघत राहिला, विठ्ठल सुंदर पडला. आमच्याकडं शाळेत हे पराक्रम म्हणून शिकवतात, मला मात्र त्यात नेहमी नदीचाच वाटा मोठा दिसतो.

असो. २००६ च्या रात्री नक्की काय झालं ते लोकांकडून तुकड्यातुकड्यानं गोळा केलं, कारण जो तो आपल्या दारातलंच सांगतो. संध्याकाळी भोंग्यावरून सांगितलं की नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं. झालं काय, की नदीकाठचे लोक खरंच सावध झाले, सामान माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर चढवलं, लेकरं शाळेत पाठवली, आणि कंदील घेऊन घाटावर बसले पायऱ्या मोजत. आणखी किती पायऱ्या राहिल्यात ते बघत. मोंढ्यातले आणि प्लॉटिंगमधले लोक निवांत झोपले, आपण तर नदीपासून एवढं लांब. मध्यरात्रीनंतर घाटाच्या वरच्या बऱ्याच पायऱ्या कोरड्या असतानाच मोंढ्याकडून आरडाओरडा सुरू झाला. एका आडत दुकानदारानं मला सांगितलं ते असं, "आम्हाला वाटलं नळ फुटला. पाणी गटारीतून वर यायलं होतं, खाली जायच्याऐवजी वर. काळं पाणी, गटारीचंच. मग ओढ्याकडून आलं ते, आवाज नाही काही नाही, नुसतं वर चढायलंय, पोती भिजायली."

ह्यात न कळण्यासारखं काही नाही. नदी फुगली की ओढ्याच्या तोंडाशी पाण्याची पातळी चढते, ओढ्याला उतार उरत नाही, नदीचं पाणी ओढ्यातून उलटं आत चालू लागतं, आणि त्याच वेळी शिवारात पडलेल्या पावसाचं पाणी वरून येतच असतं. दोन्ही भेटतात ते गावाच्या पाठीमागं. आपल्याकडं फुगवटा म्हणतात ते हेच. गटारीचंही तसंच, सगळ्या गटारी घाटाच्या बाजूनं पाइपातून नदीत काढलेल्या, पाइपाच्या तोंडाला काही नाही, त्यामुळं नदी चढली की त्याच पाइपातून ती गावात. पेठेतून पाणी वर सरकत सरकत पहाटे वाड्यांच्या परसदारी आलं, आणि घाटावर पहारा देणाऱ्या लोकांना मागून बायकांनी हाका मारल्या. सगळ्यात शेवटी भिजला तो महादेव, जो नदीला सगळ्यात जवळ.

पडझड मात्र त्या रात्री फारशी झाली नाही, ती पाणी उतरल्यावर ऊन पडलं तेव्हा सुरू झाली. पांढऱ्या मातीची भिंत पायथ्याला भिजली की तिची ताकद जाते, वर माळवदाचं ओझं तेवढंच. आणि जास्त पडली ती घरं ज्यांनी हौसेनं मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता, कारण गिलाव्याआडची ओल सुकतच नाही, बाहेरून भिंत कोरडी ठणठणीत दिसती आणि आतून चिखल. नुसत्या मातीनं लिपलेल्या, दगडी जोत्यावरच्या भिंती बऱ्याच वाचल्या. पंचनाम्यात हे काहीच येत नाही, तिथं फक्त पूर्ण पडझड की अंशतः.

मग मागणी. पहिलं निवेदन गेलं त्यात लिहिलेलं की गोदावरी नदीच्या पुरापासून संरक्षण होणेकामी घाटालगत संरक्षक भिंत बांधणेत यावी. त्यावर पेठेतल्या लोकांच्या पण सह्या, मोंढ्यातल्यांच्या पण. मी लेव्हलचा कागद, जुन्या भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा, कुणाकडं किती वाजता पाणी आलं त्याची यादी, असं सगळं जोडून सांगितलं की बाबांनो, पाणी ह्या बाजूनं आलंच नाही. खर्च करायचाच तर ओढ्यावरचा तो नळकांडी पूल काढा. प्लॉटिंगवाल्यानं ओढा बुजवत बुजवत निम्म्यावर आणला आणि उरलेल्या ओढ्यावर सिमेंटचे दोन पाइप टाकून वरून रस्ता केला होता. तो पूल काढून मोठे गाळे करा, ओढ्याची रुंदी मोकळी करा, आणि गटारीच्या पाइपांना नदीच्या बाजूनं झडपा बसवा, म्हणजे आतलं पाणी बाहेर जाईल पण बाहेरचं आत येणार नाही.

कुणी विरोध केला नाही, हे महत्त्वाचं. सगळे हो म्हणाले. फक्त झालं काहीच नाही. नंतर एका जुन्या पदाधिकाऱ्यानं चहावर मला समजावलं, "जावईबापू, भिंत दिसती हो. झडप दिसत नाही. अन् ओढा मोकळा करायचा म्हणजे अठरापगड लोकांची दुकानं पाडायची, ते कोण करणार, तुम्ही?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ओढ्याच्या काठावर आता ज्यांची घरं आहेत त्यांनी रीतसर खरेदीखत करून प्लॉट घेतलेत, कर भरतात, त्यांना ओढा कुठं होता हे दाखवायलाही कुणी नव्हतं. पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा असती, निळी म्हणजे ढोबळमानानं पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकामाला मनाई, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या पुराची, तिच्या आत बंधनं. पण ह्या रेषा लोकांच्या डोक्यात नदीच्या असतात, पाठीमागच्या ओढ्याच्या नसतात.

इथं थोडं लांबचं उदाहरण देतो कारण ते फारच जुळतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये सॅक्रामेंटो नदीच्या खालच्या भागात बांधाच्या कडेनं अशीच जुनी छोटी गावं आहेत, लॉक, वॉलनट ग्रोव्ह, आयल्टन. लॉक हे १९१५ साली चिनी लोकांनी वसवलेलं, एकाच घराचा वरचा मजला बांधाच्या रस्त्याला लागून आणि खालचा मजला मागच्या सखल गल्लीत. तिथं सगळं उलटं आहे, बांध माणसानं घातलेले आणि जमीन बांधाच्या आत बशीसारखी खोल, कारण तिथली कुजकट मऊ माती सुकून वर्षानुवर्षं खाली बसत गेली. तर ह्या आयल्टनमध्ये जून १९७२ ला पूर आला. गाव सॅक्रामेंटोच्या काठावर, तो काठ शाबूत. बांध फुटला तो गाव ज्या बेटावर आहे त्याच्या पलीकडच्या अंगाला, सॅन वाकीन नदीच्या बाजूनं, आणि सगळं बेट भरत भरत पाणी गावात पाठीमागून आलं. हे मी अण्णांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे अमेरिकेत पण मागच्या दारानंच.

भिंत शेवटी झाली, सिमेंट काँक्रीटची, घाटाच्या माथ्यावर, पूर्ण लांबीला निधी पुरला नाही म्हणून देवळापासून स्मशानभूमीच्या अलीकडपर्यंतच. भूमिपूजन, फलक, सेल्फी पॉइंट, सगळं. भिंतीत गटारीच्या पाइपांना भोकं ठेवली, झडपा एस्टिमेटमध्ये नव्हत्या. पावसाचं पाणी गल्लीतून पूर्वी घाटाच्या पायऱ्यांवरून आपोआप नदीत उतरायचं, आता त्याला तीच भोकं. मी तेव्हा बोललो नाही फारसं. जावयानं सासुरवाडीच्या कामात एका मर्यादेपलीकडं बोलू नये असा रिवाज आहे आणि तो मी पाळतो, बायको तर पाळायलाच लावते.

सप्टेंबर २०२५ चं सगळ्यांना माहीतच आहे, सगळ्या मराठवाड्यातच अतिवृष्टी, सीना, मांजरा, गोदावरी सगळ्या एकदम, पैठणचा विसर्ग लाखांच्या आकड्यात. आमच्या पट्ट्यात आता एक नवी भानगड पण आहे, पैठणपासून बाभळीपर्यंत उच्च पातळी बंधाऱ्यांची साखळी झालीय, आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणीसावंगी, ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, आणि तशीच खाली. उन्हाळ्यात हेच बंधारे गावं जगवतात, त्याबद्दल वाद नाही. पण पुरात प्रत्येकाची दारं वेळेवर आणि क्रमानं उघडावी लागतात, आणि खालच्या बंधाऱ्याचं दार अडकलं तर फुगवटा वरच्या गावाला. बाभळीची दारं तरी सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडीच असतात, बाकीच्यांचं त्या त्या दिवशीच्या पाण्यावर आणि माणसांवर.

ह्या वेळी नदी घाटाच्या माथ्याला टेकली पण भिंतीच्या निम्म्यावरही आली नाही. ओढा मात्र २००६ सारखाच उलटा चालला, उलट जरा लवकरच, कारण तोंडाशी आणखी अरुंद झालेला. गटारी उलट्या चालल्या. मोंढा, मग पेठ, मग परसदारं, क्रम तोच. एक फरक होता, ह्या वेळी लोक घाटावर बसले नव्हते, भिंत आहे म्हणून बरेच जण सामान न चढवता झोपले होते. माझ्या दृष्टीनं भिंतीनं केलेलं सगळ्यात मोठं नुकसान हे, पाण्यापेक्षाही मोठं.

आणि खरी पंचाईत पुढंच. नदी उतरली. २००६ ला नदी उतरली तसं गल्लीतलं पाणी पायऱ्यांवरून धबाधबा नदीत गेलं होतं. ह्या वेळी नदीकडच्या गल्ल्यांतलं पाणी भिंतीच्या आत अडकलं, कारण भोकांमध्ये प्लास्टिक, गाद्या, कडबा, सगळं जाऊन बसलेलं. बाहेर नदी पुरुषभर खाली आणि आत मांडीभर पाणी, मातीच्या भिंती भिजतायत. एक दिवस गेला, दुसरा गेला. शेवटी तरुण पोरांनी ब्रेकरवाला आणला आणि देवळाच्या बाजूला भिंतीचा एक तुकडा फोडला, तेव्हा पाणी गेलं. कुणी फोडली ते पंचनाम्यात "अज्ञात" आहे. ज्यांनी भिंतीसाठी उपोषण केलं होतं त्यातलाच एक जण ब्रेकरच्या डिझेलचे पैसे देत होता, हे मी नंतर ऐकलं आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, बरंच वाटलं.

भिंतीचं श्रेय पण द्यायला पाहिजे. जिथं ती आहे तिथं घाटाच्या माथ्यावरची माती धुपली नाही, पूर्वी प्रत्येक मोठ्या पुरात वरची फरशी उखडायची ती ह्या वेळी टिकली. पण नदी झपाट्यानं उतरली की ओला काठ आतून पाण्यानं जड असतो आणि बाहेरचा टेकू गेलेला असतो, तेव्हा तो नदीकडं घसरतो, आणि तशी एक तडे गेलेली पट्टी मला भिंतीच्या पायाला समांतर दिसली. तिथं खालच्या पायऱ्यांखाली वाळूच नाही. आता भिंतीचं वजन त्याच काठावर आहे. हे मी लेखी दिलंय.

सध्याची स्थिती. गटारीच्या तीन पाइपांना लोकवर्गणीतून लोखंडी झडपा बसल्या, जवळच्याच फॅब्रिकेशनवाल्यानं केल्या, वरून बिजागरी, खालून रबर. पहिल्याच पावसात एक झडप चपलेमुळं उघडी राहिली. त्यामुळं आतल्या बाजूनं जाळी लावायची आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा कुणीतरी उतरून साफ करायची असं ठरलं, त्या कुणीतरीचं नाव ठरवण्यात मात्र दोन बैठका गेल्या, आता नगरपंचायतीचा एक कर्मचारी आणि महादेवाचे गुरव असे दोघं बघतात. भिंतीचा फोडलेला तुकडा बुजवू नये, तिथं खाच करून फळ्या सरकवायची सोय करावी, म्हणजे पूर असताना बंद आणि उतरला की उघडा, असं मी सुचवलंय. एका बाजूला हो म्हणतात, दुसऱ्या बाजूला तो तुकडा दुरुस्त करायचं एस्टिमेट पण तयार आहे.

ओढ्यावरच्या पुलाचा प्रस्ताव गेलाय. मी चार मीटरचे दोन गाळे मागितले होते, कागदावर आलाय तीन मीटरचा एक, कारण दुसऱ्या गाळ्याच्या जागेवर एक मोबाइल शॉपी आणि एक रसवंती उभी आहे. रसवंतीवाला म्हणतो मी उन्हाळ्यापुरताच असतो, पावसाळ्यात शेड काढून घेतो, काय अडचण आहे. मोबाइल शॉपीचं शटर पक्कं आहे आणि तो अण्णांच्या धाकट्या जावयाचा साडू.